आबांनी सही करावी का? विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांचा शुगरच्या पेशंटला खरंच उपयोग होतो का?

दूधगंगा_काठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचे आबा (वय ६३) कागल तालुक्यात शेती करतात. ऊस आणि थोडं भात. नऊ वर्षं झाली, शुगर आहे. उंची साडेपाच फूट आणि वजन ५४ किलो, म्हणजे अंगावर मांस असं नाहीच. गावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "एवढ्या वाळक्या माणसाला शुगर कशी काय?"

गेल्या आठवड्यात तपासणीला घेऊन गेलो होतो. तिथं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातली मुलगी भेटली. बारीक अंगाच्या लोकांना मधुमेह का होतो, यावर त्यांचा अभ्यास चालू आहे. दोन वर्षांत तीन वेळा रक्त घेणार, अंगातली चरबी मोजणार, खाण्यापिण्याची माहिती लिहून घेणार. औषध नवीन काही देणार नाहीत, चालू गोळ्या तशाच राहणार. आठ पानी मराठी फॉर्म दिलाय, वाचून सही करायची.

आबा म्हणाले, "बघू." आत्या म्हणते, "रक्त विकत्यात ही माणसं, सही करायची न्हाई." आई म्हणते, तुला कळतंय तसं कर. मला काय कळतंय? मी पंपाच्या कारखान्यात कामाला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, अशा केंद्रांतून आजवर शुगरच्या पेशंटच्या हाताला नेमकं काय लागलंय? दोन, तुमच्या घरचं माणूस असतं तर सही करू दिली असती का?

बिंदू_चौक
नाही. स्पष्ट सांगतो, नाही.
हे सगळं शेवटी कंपन्यांसाठी चालतं. रक्त आपलं, माहिती आपली. प्रबंध त्यांचा आणि औषध आलं की हजारोंनी बिल आपल्यालाच.

उत्तरेश्वर_कट्टा
खाण्यापिण्याची माहिती लिहून घेणार म्हणजे तांबड्या रश्श्याच्या किती वाट्या झाल्या तेही खरं सांगावं लागणार. कोल्हापुरात हा अभ्यास इथंच अडकणार बघा 😀
बाकी विषय चांगला काढलाय भावा. वाचतोय.

पॅथॉलॉजीवाला
आत्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ही शंका मी रोज ऐकतो. बावीस वर्षं रक्त काढतोय.

अशा अभ्यासात साधारण तीन-चार ट्यूब भरतात. करड्या टोपणाची साखरेसाठी, जांभळ्या टोपणाची तीन महिन्यांच्या सरासरीसाठी, लाल किंवा पिवळ्या टोपणाची बाकीच्या तपासण्यांसाठी. सगळं मिळून दोन-तीन चमचे. रक्तपेढीत दान करताना ३५० मिली जातं. ट्यूबमधलं रक्त कुणालाही चढवता येत नाही, त्यात आधीच रसायन घातलेलं असतं. आत्यांना हे सांगा, जमलं तर मोकळी ट्यूब हातात देऊन दाखवा.

आता ती जांभळ्या टोपणाची ट्यूब. एचबीएवनसी, जिला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो, ती कुठून आली? तेहरान विद्यापीठात सॅम्युएल राहबर नावाचे डॉक्टर लोकांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार तपासत होते. मधुमेह हा त्यांचा विषयच नव्हता. १९६८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की मधुमेह असणाऱ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा पट्टा दिसतोय. पुढं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लोकांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की हा पट्टा रक्तातल्या साखरेवर चढतो-उतरतो. त्याआधी डॉक्टरला फक्त त्या क्षणाची साखर दिसायची. दोन दिवस पथ्य करून आलेला पेशंट सुटून जायचा.

आता नाही सुटत. आमच्याकडं येतात की, दोन दिवस भात बंद करून, आणि जांभळी ट्यूब सगळं सांगून टाकते.

दूधगंगा_काठ
@पॅथॉलॉजीवाला, हे आत्याला आत्ताच वाचून दाखवलं. "दोन-तीन चमचे व्हय?" एवढंच म्हणाली. पण आवाज बदलला.

इन्सुलीनची_आई
माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सातव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह, म्हणजे अंगात इन्सुलीनच बनत नाही. दिवसाला चार सुया. त्यामुळं 'विद्यापीठातल्या संशोधनाचा उपयोग काय' हा प्रश्न मला नुसता चर्चेचा वाटत नाही. माझं मूल त्या उत्तरामुळं जिवंत आहे.

१९२१ चा उन्हाळा, टोरांटो विद्यापीठ. फ्रेडरिक बँटिंग नावाचा, दवाखाना नीट न चाललेला तरुण सर्जन प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडं आदल्या वर्षी प्रयोगशाळा मागायला गेला होता. त्यांनी जागा दिली, कुत्री दिली आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी मदतीला दिला. पुढं कॉलिप नावाचे रसायनशास्त्रज्ञ आले. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते जमलं नाही. अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू झालं, साखर फारशी उतरली नाही. कॉलिप रात्रंदिवस अर्क शुद्ध करत बसले आणि २३ तारखेला पुन्हा दिलं. या वेळी साखर उतरली.

त्या बारा दिवसांत त्या पोराच्या आईबापाची काय अवस्था झाली असेल, हे मी कितीतरी वेळा मनात आणलंय. त्यांनीही कशाला तरी हो म्हटलंच असेल ना? त्यांनी नाही म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्या काळी टाइप वनच्या मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवत, बाकी काही हातात नव्हतं.

बिंदू_चौक, तुमचा राग मी समजू शकते, पण एवढं लक्षात घ्या. इन्सुलीनचं पेटंट त्या लोकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला देऊन टाकलं.

बिंदू_चौक
ताई, तुमच्या मुलाला उदंड आयुष्य लाभो, ते मनापासून म्हणतो. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पण एक डॉलरची गोष्ट मलाही माहीत आहे आणि माझा मुद्दा त्यातूनच पुढं येतो. विद्यापीठानं एक डॉलरला घेतलं, मग आज अमेरिकेत माणसं परवडत नाही म्हणून इन्सुलीन पुरवून पुरवून का टोचतात? संशोधनाला पैसा लोकांचा आणि शेवटची किल्ली कंपनीच्या हातात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत औषधांसाठी आम्ही म्हैस विकली. म्हणून बोलतो.

प्रयोगवही
मी शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, सध्या दुसऱ्या शहरात पीएच.डी. करते. माझं काम वनस्पतींच्या अर्कांवर आहे. आतड्यात पिष्टाची साखर करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते अर्कामुळं मंदावतं का, हे परीक्षानळीत बघायचं. अकार्बोज नावाची गोळी याच रीतीनं काम करते.

किंमतीचा बिंदू_चौक यांचा मुद्दा बरोबर आहे. पण विद्यापीठाची जागा नेमकी कुठं येते ते मेटफॉर्मिनवरून बघा. ही गोळी १९५७ पासून माणसांत वापरात आहे, मूळ एका युरोपीय रानटी वनस्पतीच्या रसायनात. पेटंट कधीच संपलेलं, किंमत काही रुपये. अशा स्वस्त गोळीवर वीस वर्षं अभ्यास करायला कुठली कंपनी पैसा घालणार? तो अभ्यास ऑक्सफर्ड विद्यापीठानं केला. यूकेपीडीएस. १९७७ मध्ये सुरू, १९९८ मध्ये निकाल, इंग्लंड-स्कॉटलंड-उत्तर आयर्लंडमधली २३ केंद्रं, नव्यानं मधुमेह निघालेले ५,१०२ लोक. जाड पेशंटांपैकी ज्यांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यात मधुमेहाशी निगडित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी निघाले. आबांच्या डब्यात मेटफॉर्मिन असणारच. ती पहिल्या नंबरची गोळी झाली त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

आणि हे ५,१०२ लोक कोण होते? आबांसारखेच. वर्षानुवर्षं नेमानं येऊन रक्त देणारे.

दूधगंगा_काठ
डबा बघितला. आहे. सकाळ-संध्याकाळ.

माजी_आरएमओ
सरकारी नोकरीत तीस वर्षं काढून आता घरी आहे. प्रयोगवही यांनी यूकेपीडीएसचं छान लिहिलंय, पण त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग राहिला. १९९८ नंतर अभ्यास संपला, सगळे आपापल्या डॉक्टरांकडं गेले. अभ्यासात एका गटाची साखर औषधांनी कडक सांभाळली होती आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार होते; वर्षभरात या दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरी दहा वर्षांनी पाहिलं तर, सुरुवातीच्या वर्षांत ज्यांची साखर नीट ठेवली होती त्यांना हार्ट अटॅक आणि मृत्यू कमी. म्हणजे पहिल्या वर्षांतली काळजी शरीर विसरत नाही. हे कळायला तीस वर्षं एकच माणूस बघत राहावं लागतं. ओपीडीत तीन मिनिटांत पेशंट बघणाऱ्या माझ्यासारख्याला हे कधीच दिसलं नसतं.

दुसरी बाजूही सांगतो. २००० च्या सुमारास आम्हा सगळ्यांना वाटायचं, साखर जितकी खाली तितकी चांगली. अमेरिकेत आणि कॅनडात अनेक विद्यापीठांनी मिळून अ‍ॅकॉर्ड नावाची चाचणी घेतली, १०,२५१ पेशंट. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी साखर खूप खाली ओढण्याचा भाग मध्येच थांबवला, कारण त्या गटात मृत्यू जास्त होत होते. त्या गटात २५७, दुसऱ्या गटात २०३.

माझी सख्खी आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली. ८१ वय, आणि मी अभिमानानं तिची साखर तरुण माणसासारखी ठेवली होती. पहाटे घामाघूम व्हायची, बडबडायची. मला वाटायचं, वय झालंय. ती साखर उतरत होती. अ‍ॅकॉर्डचा निकाल मी जर्नलमध्ये वाचला तेव्हा जेवण गेलं नाही. त्यानंतर कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला मी तीन महिन्यांच्या शुगरचा साडेसहाचा आकडा दाखवून पळवलं नाही. साडेसात, आठ चालतं. संशोधन केंद्र नुसतं नवं औषध देतं असं नाही, आम्हा डॉक्टरांचा हातही धरतं.

गूळपोळी
@माजी_आरएमओ काका, हे लिहिलंत, फार धीर लागतो.
माझ्या सासूबाई ७६. उद्याच डॉक्टरांना पहाटेच्या घामाचं विचारते.

उत्तरेश्वर_कट्टा
काका, मनापासून नमस्कार.

शिरोळची_लेक
आता माझा अनुभव. तो गोड नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी माझी मोठी बहीण गरोदर असताना असाच एक अभ्यास होता. केंद्राचं नाव लिहीत नाही. दिवस गेल्यावर होणाऱ्या शुगरबद्दल होता. रिकाम्या पोटी ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, ७५ ग्रॅम, आणि दोन तास लाकडी बाकावर बसवलं. सातवा महिना. तिला मळमळत होतं, ओकारी दाबून बसली, कारण ओकलं तर परत करावं लागेल असं सांगितलेलं. तीन वेळा रक्त घेतलं. रिपोर्ट घरी येईल म्हणाले.

आला नाही. दोनदा फोन केला. "मॅडम रजेवर आहेत." बाळंतपण झालं, आम्हीही विसरलो. दोन वर्षांपूर्वी तिला टाइप टू निघाला. आता डॉक्टर विचारतात, गरोदरपणात साखर वाढली होती का? आम्ही काय सांगणार? उत्तर कुठल्या तरी कपाटात फाइलीत पडलंय आणि आमच्याकडं नाही.

संशोधनाला माझा विरोध नाही. पण ज्या बाईनं दोन तास ओकारी दाबली, तिला एक कागद मिळायला नको?

प्रयोगवही
शिरोळची_लेक, मला खरंच लाज वाटली वाचून. आमच्या क्षेत्राच्या वतीनं माफी मागायचा मला अधिकार नाही, तरी मागते.

याचा आबांच्या सहीशी थेट संबंध आहे. दूधगंगा_काठ, फॉर्ममध्ये हे शोधा. निकाल सहभागी माणसाला देणार का, कधी देणार. अभ्यासातून मधेच बाहेर पडता येतं का, आणि पडलं तरी नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील असं लिहिलंय का. उरलेल्या रक्ताचं काय करणार, पुढं दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असतील तर वेगळी परवानगी घेणार का. आणि नैतिकता समितीचा फोन नंबर. तो फॉर्मवर असतोच, असायलाच हवा. औषधाची चाचणी असती तर १५ जून २००९ पासून ती केंद्र सरकारच्या नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे, सीटीआरआय म्हणतात, कुणीही मोबाइलवर बघू शकतं. तुमच्याकडं औषध नाही, पण नोंदणी क्रमांक विचारायला काहीच हरकत नाही.

पुण्यात_कोल्हापूरकर
मूळ मुद्दा बाजूला पडतोय. आबा बारीक आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि अभ्यास बारीक लोकांच्या मधुमेहावरच आहे. या विषयावर जगाला शिकवलं ते महाराष्ट्रातल्या माणसांनी.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत काम केलं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाची साथ होती. गावातल्या बायकांची दिवस राहण्याआधीपासून नोंद ठेवायची, मूल जन्मलं की वजन-मापं घ्यायची. आपल्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. पण पाठीवर खुब्याच्या खालची कातडी चिमट्यासारख्या मापानं पकडून मोजली तर चरबीची जाडी जवळपास तितकीच! हातपाय काडीसारखे, पोटात अवयव लहान, स्नायू कमी, आणि चरबी मात्र राखलेली. याला 'थिन-फॅट' म्हणतात, बारीक पण चरबीदार.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. गावात आबांना विचारतात ना, "वाळक्या माणसाला शुगर कशी?" त्यांना हा फोटो दाखवा.

गोऱ्या लोकांवर बेतलेली मापं आपल्याला तंतोतंत लागू होत नाहीत, हे इथं मोजल्याशिवाय कळलं नसतं. म्हणून मी म्हणेन, सही करू द्या. आबांसारखी माणसं 'हो' म्हणाली नाहीत तर आपल्यावर उपचार दुसऱ्याच कुणाच्या अंगावर मोजून ठरवले जाणार.

माजी_आरएमओ
एक छोटी दुरुस्ती. खुब्याच्या नव्हे, खवाट्याच्या खाली. पाठीवरचं त्रिकोणी हाड. बाकी शब्दाशब्दाला अनुमोदन.
आणि आता याच्याही पुढं गेलंय. लहानपणी उपासमार झालेल्यांना होणारा एक वेगळाच मधुमेह असतो, असं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजबरोबर दाखवलं. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला टाइप फाइव्ह म्हणून मान्यता दिली. आबांचं बालपण कसं गेलं, दुष्काळ बघितलाय का, हे विचारा एकदा.

गुऱ्हाळवाला
मी बोलू का? माझं गुऱ्हाळ आहे आणि मला शुगर आहे. रोज कढईपुढं उभा राहतो, काकवीचा वास नाकात. लोक सांगतात गूळ चालतो, साखर नको. खरं काय?

पॅथॉलॉजीवाला
नाही चालत, दादा. गुळात थोडं लोह आणि क्षार जास्त असतील, पण मुख्य भाग साखरच. रक्ताला फरक कळत नाही. आपल्या गुळाचा मलाही अभिमान आहे, दिवाळीला मी स्वतः खातो, पण औषध म्हणून नको.

गुऱ्हाळवाला
बरं. मग दुसरं. मी ऐकलंय की इंग्लंडात कमी खाऊन लोकांची शुगर गेली. मी सोमवारपासून दिवसाला एकच भाकरी करणार होतो. वजन ९२ आहे.

माजी_आरएमओ
थांबा! आधी सांगा, कुठल्या गोळ्या चालू आहेत? नाव 'ग्लि'नं सुरू होणारी आहे का?

गुऱ्हाळवाला
आहे. ग्लिमेपिराइड.

माजी_आरएमओ
मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नका. ही गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलीन बाहेर काढते. उपाशी पोटी साखर झपकन उतरेल आणि तुम्ही उकळत्या कढईपुढं उभे असता. या जातीच्या गोळ्यांचा शोधच तसा लागलाय. १९४२ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए विद्यापीठात टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध दिलं, तर काहींची साखर इतकी उतरली की ते दगावले. लुबातिएर नावाच्या संशोधकानं त्यामागचं कारण शोधलं आणि त्यातून मधुमेहाची गोळी आली.

तुम्ही ऐकलंय ते मात्र खरं आहे. न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर आणि ग्लासगो विद्यापीठाचे माइक लीन यांनी मिळून डायरेक्ट नावाची चाचणी केली. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले लोक, तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी. वर्षानं ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात पहिल्या वर्षी ८६ टक्के. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलीन परत सुटायला लागतं, हा टेलर यांचा विचार. पण तिथं साखर उतरवणाऱ्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि पेशंटवर सतत लक्ष होतं. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडं जा, म्हणावं मला हे करायचंय, गोळ्यांचं काय करू?

गुऱ्हाळवाला
जातो. बरं झालं विचारलं.

उत्तरेश्वर_कट्टा
हा धागा पैसे देऊन पण मिळाला नसता. काका, गुऱ्हाळवाले, दोघांनाही माझ्यातर्फे मिसळ. पाव एकच, पथ्य म्हणून.

बिंदू_चौक
मीही वाचतोय सगळं. एक विचारतो, वादासाठी नाही. ही नवी वजन उतरवायची इंजेक्शनं, ती तरी कंपनीच्या डोक्यातून आली ना?

प्रयोगवही
अर्धी. आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-वन या संप्रेरकावरचं (हार्मोनवरचं) मूळ काम बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जोएल हेबनर आणि स्वेतलाना मोइसोव्ह यांनी, आणि कोपनहेगन विद्यापीठात येन्स योल होल्स्ट यांनी केलं. अडचण अशी की हे संप्रेरक अंगात काही मिनिटांत नाहीसं होतं. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात जॉन एंग यांना एका विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच, पण टिकणारं रसायन सापडलं. त्या सरड्याचं नाव 'हिला मॉन्स्टर', आपल्या घोरपडीसारखं दिसतं, अंगावर नारिंगी-काळे ठिपके. त्यापासूनचं औषध २००५ मध्ये बाजारात आलं. ते आठवड्याला एकच सुई लागेल असं करणं, हजारो लोकांत तपासणं, कारखाना उभारणं, हे कंपन्यांनी केलं आणि ते कामही थोडं नाही.
किंमतीवर तुम्ही म्हणता तो प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, सरकारदरबारी आहे.

बिंदू_चौक
हे पटलं. माझी म्हैस विकायला लावणारा तो सरडा पकडणारा माणूस नव्हता.

इन्सुलीनची_आई
अजून एक सांगायचं राहिलं होतं. सुरुवातीला माझ्या मुलाचा नेमका प्रकार कुठला यावर घोळ झाला होता, कारण आपल्याकडं तरुण वयातल्या बारीक पोरांचा प्रकार ओळखणं अवघड जातं. पुण्याचं केईएम, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये दाखवलं की युरोपातल्या लोकांवर बेतलेला जनुकांचा हिशेब भारतीयांतही टाइप वन ओळखायला कामी येतो, पण आपल्या जनुकांत काही फरकही आहेत. याच एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं २००४ च्या सुमारास शोधलं की जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या काही बाळांत एका जनुकाचा दोष असतो आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांची सुई बंद होऊन गोळीवर भागतं. तुमच्या ओळखीत असं तान्हं बाळ असेल तर ही तपासणी विचारा. आमच्या पोराचं तसं निघालं नाही. निघावं म्हणून मी अंबाबाईला साकडं घातलं होतं, आता लपवत नाही.

दूधगंगा_काठ
मंडळी, काल जाऊन आलो. सगळं सांगतो.

आधी घरी बसून फॉर्म वाचला, मी मोठ्यानं वाचायचो आणि आबा ऐकायचे. प्रयोगवही ताईंनी सांगितलेल्या गोष्टी पेनानं खुणा करून ठेवल्या. बाहेर पडायची मुभा होती, समितीचा नंबर होता. उरलेल्या रक्ताबद्दल वेगळा चौकोन होता, हो किंवा नाही. पण रिपोर्ट देणार का, याबद्दल कुठं काही नव्हतं.

माजी_आरएमओ काकांनी सांगितलं तसं आबांना लहानपणाचं विचारलं. ७२ चा दुष्काळ. म्हणाले, "अकरा वर्साचा हुतो. सुकडी खाल्ली." बास, एवढंच. मला हे ठाऊकच नव्हतं. आई पदरानं डोळे पुसत आत गेली, तिलाही बहुतेक आठवलं.

केंद्रावर त्या मुलीनं चरबी मोजायचं मशीन दाखवलं, टेबलावर झोपायचं आणि वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो. आबांनी सगळं बघितलं. मग म्हणाले, "बाई, माझं रगत घ्या. पण त्यात काय निघालं ते मला कागदावर पायजे. मराठीत." ती म्हणाली, देतो आम्ही आजोबा. आबा म्हणाले, "देतो असं फॉर्मात लिवा." ती आत जाऊन तिच्या सरांना घेऊन आली. सरांनी वाचलं, मान हलवली, म्हणाले तुमचं बरोबर आहे, पण फॉर्म समितीनं मंजूर केलेला असल्यामुळं त्यात हातानं भर घालता येत नाही. त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं, प्रत्येक तपासणीनंतर सहा आठवड्यांत निकाल देऊ, खाली सही आणि शिक्का. समितीकडं फॉर्ममध्ये बदल मागतो असंही म्हणाले. आबांनी तो कागद चार घड्या करून टोपीत ठेवला आणि मग सही केली. उरलेल्या रक्ताच्या चौकोनात 'हो'.

पहिलं रक्त पुढच्या गुरुवारी. आधी बुधवार म्हणत होते, पण त्या दिवशी आमची पाण्याची पाळी असते.

पॅथॉलॉजीवाला
आदल्या रात्री आठ-साडेआठला जेवण उरकायला सांगा, नंतर फक्त पाणी. आणि त्या सकाळची गोळी घ्यायची की नाही ते केंद्रावर विचारून घ्या.

बिंदू_चौक
आबांना माझा रामराम सांगा.

गूळपोळी
अवांतर, पण सांगते. सासूबाईंची एक गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. काल पहाटे घाम आला नाही.

शिरोळची_लेक
दूधगंगा_काठ, तो टोपीतला कागद बहिणीला दाखवायला म्हणून हा धागा पाठवला. ती म्हणाली आपणही जाऊन मागू, फाइल असेलच कुठं तरी. सोमवारी जातोय.
सहा आठवड्यांनी आबांचा रिपोर्ट आला की इथं नक्की लिहा. मी वाट बघतेय.